पुण्यात बसून आर्क्टिकचा अभ्यास होतो का? होतो, पण हिवाळा धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला डिझर्टेशनसाठी ‘आर्क्टिक आणि उपआर्क्टिक परिसंस्थांवर हवामानबदलाचा परिणाम’ हा विषय घ्यायचा आहे. गाईड म्हणतात, तिकडे गेल्याशिवाय हे व्हायचं नाही, त्यापेक्षा मुळा-मुठेच्या पाण्याचे नमुने घे. हातात आठ महिने आहेत, लॅपटॉप आहे, पैसे नाहीत. काय करावं?

आधी गाईडची बाजू घेते. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. हे शीर्षक एखाद्या संस्थेच्या पाटीवर शोभेल, आठ महिन्यांच्या कामाला ते झेपणार नाही. त्यात रेनडिअरपासून शेवाळापर्यंत आणि समुद्रावरच्या बर्फापासून जंगलातल्या वणव्यांपर्यंत सगळं येतं. असं शीर्षक घेऊन आलेली मुलं शेवटी काय करतात ते मी पाहिलंय: चाळीस पेपर वाचायचे, त्यांचा सारांश लिहायचा आणि मुखपृष्ठावर बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं अस्वल लावायचं. गाईडना बहुधा तेच डोळ्यांपुढे दिसत असणार. म्हणजे पुणे ते आर्क्टिक हे अंतर ही तुमची खरी अडचण नाहीच. तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न अजून नाही.

मी वनस्पतींच्या ऋतुचक्रावर काम करते. बरीच वर्षं सह्याद्रीतल्या सड्यांवर गेली आणि चार उन्हाळे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर, नी-ऑलेसुंदला. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते जमिनीवरच्या वनस्पती आणि त्यांवर जगणारे प्राणी यांच्याबद्दल. समुद्रातल्या माणसाला विचाराल तर तो वेगळं सांगेल, आणि त्याचंही बरोबर असेल.

‘चार उन्हाळे’ म्हटलं ते मुद्दाम. आर्क्टिकमध्ये जवळजवळ सगळेच उन्हाळ्यात जातात. उजेड असतो, विमानं असतात, झाडं दिसतात. मीही तेच केलं. जुलैमध्ये गुडघे टेकून चौकटीतली फुलं मोजायची, ऑगस्टच्या शेवटी परत पुणे. मला हे कळायला दोन मोसम गेले की मी जे मोजत होते त्याचा निकाल बऱ्याचदा मी पोचायच्या आधीच, जानेवारीच्या काळोखात लागलेला असायचा. तुम्हाला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच: प्रश्न हिवाळ्याबद्दल विचारा.

असं का, ते जरा सविस्तर सांगते. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा सुमारे चौपट वेगाने तापतंय, हा आकडा तुम्ही वाचला असेलच. पण कुठल्याही झाडाला किंवा प्राण्याला ‘वार्षिक सरासरी तापमान’ भेटत नाही. त्यांना भेटतं ते पाणी: ते कुठल्या रूपात आलं, कधी आलं आणि किती दिवस राहिलं. आपल्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याला पुण्याचं सरासरी पर्जन्यमान सांगून उपयोग नसतो, मृगात पडला का आणि काढणीला अवकाळी आला का एवढंच तो विचारतो. तसंच.

इथे भाषेची एक अडचण आहे. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, गोळ्यातल्यालाही आणि हिमालयातल्यालाही. या उत्तरापुरतं हिम म्हणजे भुसभुशीत, हवा भरलेलं. आणि बर्फ म्हणजे गोठलेलं कडक पाणी. हिम ही गोधडी आहे. बाहेर उणे पंचवीस असताना अर्धा मीटर हिमाखालची माती उणे पाच-सहाच्या आसपास राहू शकते. बोटभर उंचीची विलो आणि ड्रायास ही झुडपं, शेवाळं, लेमिंगसारखे उंदीर हे सगळे या गोधडीखाली हिवाळा काढतात. रेनडिअर खुराने हिम उकरून खालचं गवत आणि दगडफूल खातो. गोधडी जागेवर राहिली तर उणे तीसही निभावतं.

आता हिवाळा ‘उबदार’ झाला तर काय होतं? पुण्यातल्या माणसाला वाटेल, बरंच झालं की. पण भर हिवाळ्यात तापमान दोन दिवस शून्याच्या वर जातं तेव्हा हिमाऐवजी पाऊस पडतो. ते पाणी हिमातून झिरपत जमिनीपर्यंत पोचतं आणि खालच्या थंड मातीला टेकलं की गोठतं. चाऱ्यावर बर्फाची लादी बसते. मग थंडी परत येते आणि ती लादी मेपर्यंत हलत नाही. चारा जागेवरच असतो, लादीतून दिसतोसुद्धा, पण रेनडिअरचं खूर तिथपर्यंत पोचत नाही. सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पात नोव्हेंबर २०१३ मध्ये असा पाऊस झाला आणि त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेले. नेनेत्स पशुपालकांची कुटुंबंच्या कुटुंबं कळपाविना झाली. स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांकडे अशा चारा न मिळणाऱ्या हिवाळ्यासाठी ‘गोआव्वी’ असा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे ‘ओला दुष्काळ’ म्हटलं की शेतात पाणी आणि घरात उपास हे चित्र लगेच कळतं. हा त्याचाच गोठलेला भाऊ.

उपआर्क्टिकमध्ये तोच उबदार हिवाळा वेगळ्या वाटेने घाव घालतो, म्हणून हे दोन प्रदेश एका शीर्षकात कोंबू नका. डिसेंबर २००७ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियात काही दिवस तापमान शून्याच्या बरंच वर गेलं. तिथे लादी बसली नाही, गोधडीच वितळून गेली. नंतर थंडी परतली तेव्हा क्रोबेरीची सदाहरित झुडपं उघडी पडलेली होती. पुढच्या उन्हाळ्यात १,४०० चौरस किलोमीटरहून मोठ्या पट्ट्यातली हिरवाई उपग्रहाच्या मोजमापात सुमारे २६ टक्क्यांनी उतरलेली दिसली. संशोधक आधी जमिनीवर वाळलेली झुडपं बघून चक्रावले होते, मग त्यांनी वर्षभराचा तापमानाचा आलेख मागे जाऊन पाहिला. हा क्रम ध्यानात ठेवा, तुमच्या कामाचा सांगाडा तोच आहे.

तिसरं उदाहरण किड्यांचं. त्याच भागातल्या बर्चच्या जंगलात ऑटम्नल मॉथ नावाचा पतंग आहे. त्याची अंडी फांद्यांवर हिवाळा काढतात आणि साधारण उणे ३६ अंशांच्या खाली मरतात. पूर्वी दऱ्यांच्या तळाशी तेवढी थंडी पडायची, अंडी मरायची, बर्च वाचायचा. हिवाळ्याचा हा तळ उथळ झाला की अळ्या वाचतात आणि जूनमध्ये आख्खी टेकडी खराट्यासारखी करून टाकतात. जूनमध्ये तिथे गेलेला माणूस म्हणेल, कीड पडली. कारण मात्र जानेवारीत झालेलं असतं.

आणि सगळं एकाच दिशेने जात नाही, हेही पहिल्यापासून मान्य करून चला. स्वालबार्डचे रेनडिअर घ्या. उन्हाळा लांबल्यामुळे शरद ऋतूत त्यांचं वजन चांगलं असतं, पिल्लं जास्त होतात, काही दऱ्यांमध्ये संख्याही वाढली. पण हिवाळा सरतेवेळी माद्यांची वजनं घटलेली आढळली: १९९४ साली जन्मलेल्यांची सरासरी ५५ किलोच्या आसपास, २०१० साली जन्मलेल्यांची ४८. उन्हाळा देतो, हिवाळा काढून घेतो आणि वर वाढलेली संख्या आहे तोच चारा वाटून खाते. ‘हवामानबदलाचा रेनडिअरवर परिणाम चांगला की वाईट’ असा प्रश्न कोणी विचारला तर मी उलट विचारते, कुठल्या महिन्यात?

तर, आठ महिन्यांत लॅपटॉपवर काय होईल? माझ्या मते असा एक प्रश्न पुरेसा आहे: एखाद्या एका दरीत ज्या हिवाळ्यात हिमावर पाऊस जास्त पडला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हिरवाई कमी दिसते का? जागा एकच. आर्क्टिक हवं असेल तर स्वालबार्डमधली लाँगयिअरब्येनजवळची आद्वेंतदालेन दरी, उपआर्क्टिक हवं असेल तर स्वीडनमधलं आबिस्को. दोन्ही निवडण्यामागे एकच कोकणस्थी हिशेब आहे: तिथे नोंदी जुन्या आहेत आणि फुकट मिळतात. लाँगयिअरब्येन परिसराची तापमानाची जोडून केलेली मालिका १८९८ पासूनची आहे, आबिस्कोच्या केंद्रावर १९१३ पासून नोंदी आहेत. नॉर्वे आणि स्वीडन दोन्ही देशांच्या हवामान संस्था रोजचे आकडे खुले ठेवतात.

त्या आकड्यांतून नोव्हेंबर ते मार्च एवढे महिने घ्यायचे आणि ज्या दिवशी सरासरी तापमान शून्याच्या वर आणि पाऊस एक मिलिमीटर किंवा जास्त, तो दिवस ‘हिमावर पाऊस’ म्हणून मोजायचा. व्याख्या ढोबळ आहे. वारा असला की पर्जन्यमापकात हिम नीट पडत नाही, आणि केंद्र समुद्राकाठी विमानतळावर असेल तर वीस किलोमीटर आत दरीत तेव्हा शून्याखालीही असू शकतं. म्हणून जोडीला सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार बघा. स्वालबार्डला ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, साधे कॅमेरे आंधळे असतात. रडारला उजेड लागत नाही आणि ढगही आडवे येत नाहीत. हिम ओलं झालं की परत येणारा सिग्नल धाडकन पडतो. मात्र हा डेटा २०१४ नंतरचाच आहे आणि जोडीतला एक उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत चित्रं विरळ होतात. रडार पडताळणीपुरतं वापरा, मुख्य मालिका हवामान केंद्राचीच ठेवा.

हिरवाईसाठी टेरा उपग्रहावरच्या मोडिस या सेन्सरचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक. झाडाचं पान लाल प्रकाश खातं आणि जवळचा अवरक्त परत फेकतं. या दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की एक आकडा मिळतो, तो जितका मोठा तितकं पान जास्त. मोडिसची आकडेवारी २००० पासून आहे. टेरा उपग्रहाची कक्षा अलीकडच्या वर्षांत सरकू दिली आहे, तो आता पूर्वीपेक्षा लवकरच्या वेळी डोक्यावरून जातो, म्हणून मी २००१ ते २०२० एवढीच वर्षं घेईन. एक चौकोन २५० मीटरचा, म्हणजे सव्वासहा हेक्टर, आपल्या हिशेबात पंधरा एकर. त्यात नदीचं पात्र, खडी, पाणथळ, शेवाळ सगळं एकत्र येतं. दरीतले तळाचे, सपाट, सलग हिरवे चौकोन हाताने निवडा. हे काम कंटाळवाणं आहे आणि याच कामावर सगळा डोलारा उभा आहे.

लँडसॅट ही जुनी उपग्रहमालिका का नको, त्याचं कारण माझी स्वतःची फजिती. त्याचा चौकोन ३० मीटरचा, मोह होणारच. मीही बरीच वर्षं मागे जाऊन एक सुंदर चढता आलेख काढला होता आणि पुण्यातल्याच एका सेमिनारमध्ये ‘टुंड्रा हिरवा होतोय’ असं ठणकावून सांगितलं. मागच्या रांगेतून एका मुलाने शांतपणे विचारलं, मॅडम, सुरुवातीच्या वर्षांत उन्हाळ्यात किती चित्रं आहेत? मी मोजलीच नव्हती. सुरुवातीला जेमतेम दोन-तीन, शेवटच्या वर्षांत दहा-बारा. चित्रं जास्त असली की ऐन बहराचा दिवस सापडायची शक्यता वाढते, आणि आकडा आपोआप फुगतो. शिवाय लँडसॅट ५, ७ आणि ८ यांचे सेन्सर थोडे वेगवेगळे, ते एकमेकांशी जुळवून घेतले नाहीत तर उपग्रह बदलल्यावरही ‘हिरवाई’ वाढते. टुंड्राच्या मोठ्या भागात हिरवाई खरोखर वाढलेली आहे, तो निष्कर्ष बाकीच्यांच्या नीट केलेल्या कामावर उभा आहे. माझ्या त्या आलेखातली वाढ मात्र बरीचशी माझ्या निष्काळजीपणाची होती. लँडसॅट जरूर शिका, पण पहिल्या आठ महिन्यांत त्याला हात लावू नका.

आता खरी मेख. हिवाळ्यातला पाऊस वाढतोय आणि उन्हाळ्याचं तापमानही वाढतंय. दोन चढत्या रेषा शेजारी ठेवल्या की त्यांचं सूत जुळतंच. स्वालबार्डच्या तापमानाचं पुण्यातल्या दुचाकींच्या संख्येशीसुद्धा छान जुळेल. म्हणून आधी प्रत्येक मालिकेतला दीर्घकालीन कल काढून टाका आणि मग वर्षावर्षातला चढउतार एकमेकांशी जुळतो का ते बघा. शिवाय तिथली हिरवाई मुख्यतः उन्हाळा किती ऊबदार होता यावर ठरते. तेव्हा तुमच्या गणितात उन्हाळ्याचं तापमान आधी बसवा आणि त्यानंतर हिवाळ्याचा पाऊस काही नवीन सांगतो का, एवढंच तपासा. हाताशी फक्त वीस वर्षं आहेत. वीस आकड्यांना चार-चार कारणं चिकटवायला गेलात तर परीक्षक हसेल. दोन कारणं, बास. आणि ‘संबंध आढळला नाही’ असं निघालं तरी ते लिहायला लाजू नका. कदाचित आद्वेंतदालेनमधली झाडं लादीखाली निभावून नेतात आणि भोगतो फक्त रेनडिअर. तेही कळणं मोलाचं आहे.

काही विषय मी तुमच्या जागी असते तर सोडून दिले असते. पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीतला कार्बन, हा त्यातला पहिला. वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन त्या मातीत आहे आणि विषय फार महत्त्वाचा आहे, पण माती-वायूची मोजमापं नसताना तुम्ही फक्त दुसऱ्यांची मॉडेलं उगाळत बसाल. समुद्राचंही तसंच. स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्दमध्ये अटलांटिकचं ऊबदार पाणी कसं शिरतंय हे भारताच्या पाण्याखालच्या वेधशाळेने, इंडआर्कने, २०१४ पासून टिपलंय, पण त्याला समुद्रशास्त्राचा पाया लागतो.

आणि तिसरा, ज्याचा मोह पुण्यात प्रत्येकाला होतो: भिगवणचे पक्षी. उजनीच्या काठी हिवाळ्यात पंचवीस-तीस ग्रॅमचा छोटा टिलवा चिखलात चोच मारताना दिसतो, तो खरोखर आर्क्टिक टुंड्रात जन्मलेला असतो. मग वाटतं, इथेच त्यांची संख्या मोजली की तिकडचा अंदाज येईल. नाही येत. उजनीवर किती टिलवे दिसतील हे त्या वर्षी धरणातलं पाणी किती ओसरलं आणि चिखलाचा काठ किती उघडा पडला यावर ठरतं. पक्ष्यांवरून आर्क्टिक वाचता येतो, पण त्यासाठी ते हातात धरून मोजावे लागतात. सायबेरियातल्या तैमिरमध्ये हिम लवकर वितळू लागल्यावर किड्यांचा बहर पिल्लं बाहेर पडायच्या आधीच ओसरतो, रेड नॉट पक्ष्यांची पिल्लं खुजी आणि आखूड चोचीची होतात आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर वाळूत खोल असलेल्या शिंपल्यांपर्यंत त्यांची चोच पोचत नाही. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यामागे तीसेक वर्षं जाळ्यात धरून मोजलेले पक्षी होते. भिगवणला मजेसाठी जरूर जा, सकाळी लवकर.

इथे तुमच्या गाईडचा दुसरा आक्षेप रास्त ठरतो. लॅपटॉपवरच्या माणसाला जमीन कळत नाही. त्यावर माझा उपाय साधा आहे: आठ महिने दर रविवारी एकाच टेकडीवर जा. वेताळ टेकडी चालेल. दहा झाडं निवडून त्यांना खुणा करा आणि दर आठवड्याला एकच नोंद करा: कळी, पहिलं फूल, अर्धं झाड फुललेलं, पानगळ. तिसऱ्याच आठवड्यात तुमचं स्वतःशी भांडण सुरू होईल. ‘पहिलं फूल’ म्हणजे उमललेलं की उमलू लागलेलं? उत्तरेच्या बाजूची फांदी मोजायची का? एक रविवार चुकला तर तारीख कुठली लिहायची? टुंड्रातल्या नोंदींमागे नेमकी हीच भांडणं आहेत. नी-ऑलेसुंदला मॉस कँपियन नावाची गादीसारखी वनस्पती आहे, तिची फुलं आधी दक्षिणेच्या बाजूला उमलतात. दोन निरीक्षक दोन बाजूंनी बसले तर त्यांच्या तारखा जुळत नाहीत.

पावसाळ्यात जमलं तर एखादा सडा बघा. आमचं बरचसं शिक्षण तिथेच झालं. उघडा कातळ, बोटभर माती, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सगळ्यांची घाई. टुंड्रात हीच घाई सहा ते दहा आठवड्यांची असते. तिथे हिम वितळण्याचा दिवस तो इथे पहिल्या पावसाचा. साम्य फार ताणू नका, सड्याच्या मातीखाली गोठलेली जमीन नाही. पण पाणी कधी आलं यावर सगळं वेळापत्रक कसं लटकलेलं असतं हे डोळ्यांना एकदा दिसलं की आकड्यांत शोधणं सोपं जातं.

प्रत्यक्ष जाण्याबद्दल. हे बरंचसं परिस्थितीवर आहे: पीएच.डी. करणार का, कुठल्या संस्थेत, घरची तयारी किती. एकट्याने अर्ज करून जाता येत नाही. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, ते आर्क्टिक मोहिमांसाठी संस्थांकडून प्रस्ताव मागवतं. तिथून निवड झाली तर नी-ऑलेसुंदमधल्या ‘हिमाद्री’ या भारतीय केंद्रावर जाता येतं. हिमाद्री २००८ मध्ये सुरू झालं. इतकी वर्षं आपली माणसं मुख्यतः उन्हाळ्यातच जायची, डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. तुम्ही आत्ता हिवाळ्याचा प्रश्न घेऊन काम केलंत तर तीन-चार वर्षांनी प्रस्ताव लिहिताना सांगण्यासारखं काही हातात असेल, हा त्यातला स्वार्थी भाग.

तिथलं जगणं फोटोत दिसतं त्यापेक्षा बरंच साधं आहे. जुनं कोळसाखाणीचं गाव, ७९ अंश उत्तरेला. वेधशाळांच्या उपकरणांना त्रास नको म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. वस्तीबाहेर पडताना अस्वलांसाठी बंदूक बरोबर लागते. अस्वलापेक्षा रोजचा त्रास आर्क्टिक टर्नचा: घरट्याजवळून गेलं की हा पक्षी थेट डोक्यात चोच मारतो, म्हणून सगळे शास्त्रज्ञ डोक्यावर काठी उभी धरून चालत असतात. पहिल्या दिवशी मला ते दृश्य बघून हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी माझ्याही हातात काठी होती.

त्याच गावातून आणलेला एक आलेख माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. बटणाएवढा तापमान-लॉगर एका ऑगस्टमध्ये ड्रायासच्या मुळाशी पुरून आले आणि पुढच्या वर्षी काढला. असे सहा पुरले होते, त्यातले दोन कोल्ह्याने उकरून पळवले. उरलेल्यांतल्या एकाची रेषा सप्टेंबरात रोज वरखाली नाचते. मग एका दिवशी नाच मंदावतो, म्हणजे हिम पडलं. रेषा शून्यावर काही आठवडे सरळ पडून राहते, कारण मातीतलं पाणी गोठताना उष्णता सोडत असतं आणि ते सगळं गोठेपर्यंत तापमान खाली उतरत नाही. नंतर ती गोधडीखाली हळूहळू उतरत जाते. आणि मग भर हिवाळ्यात, हिमाखाली, काही तासांत सरळ उडी मारून पुन्हा शून्यावर. वरून झिरपलेला पाऊस मुळाशी येऊन गोठला, तो हा क्षण. मी तेव्हा पुण्यात होते, बहुधा उन्हात कपडे वाळत घालत असेन.

हा आलेख तुमच्याकडे नाही, पण त्याचा मोठा भाऊ उघड्यावर आहे. नॉर्वेच्या हवामान संस्थेच्या नोंदींत नी-ऑलेसुंदचे रोजचे आकडे काढा आणि ३० जानेवारी २०१२ वर जा. पूर्ण काळोख, ७९ अंश उत्तर, आणि एका दिवसात ९८ मिलिमीटर. तिथे वर्षभरात मिळून साधारण ४०० पडतो. त्या आठवड्याचं तापमान आणि पाऊस एका कागदावर काढा, खाली आधीची आणि नंतरची तीन-तीन वर्षं काढा, आणि तो एक कागद घेऊन गाईडकडे जा. शीर्षक नंतर ठरवा. ते ‘बरं, पुढे काय झालं त्या उन्हाळ्यात?’ असं म्हणाले तर काम सुरू झालं म्हणून समजा. नाहीच म्हणाले, तर मुळा-मुठेचे नमुने घेताना पाण्याचं तापमान रोज एकाच वेळी मोजा, आणि हे आर्क्टिकचं काम संध्याकाळी घरी करा.